नळाला गढूळ पाणी आलंय? ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळच्या एका जुन्या सोसायटीत मी नऊ वर्षं कमिटीवर होतो आणि पाण्याच्या तक्रारींची वही माझ्याकडे असायची. जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर बादल्यांचे फोटो सुरू. खाली एकच वाक्य: 'बघा कसलं पाणी आलंय.' निळ्या बादलीतलं पाणी हिरवट दिसतं, लाल बादलीतलं रक्तासारखं, त्यामुळे फोटोवरून काही म्हणजे काही कळत नाही. त्या वहीत साठलेले प्रश्न इथे उतरवले आहेत. पाण्याचा रंग कुठला, याच्याआधी ते कुठे रंगलं हे शोधा: धरणात, रस्त्याखालच्या लाइनीत, सोसायटीच्या टाकीत की तुमच्याच भिंतीतल्या पाइपात. उपाय त्यावर ठरतो.

सकाळी नळ सोडला आणि तांबूस पाणी आलं. सगळ्यात आधी काय करू?

वॉशिंग मशीन बंद करा, गिझर चालू करू नका, वॉटर प्युरिफायरचा इनलेट कॉक फिरवून बंद करा. गाळ एकदा या तिघांत शिरला की पुढचे आठ दिवस तो थोडा थोडा बाहेर येत राहतो.

मग काचेच्या साध्या ग्लासात पाणी घ्या आणि खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरा. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही. तो ग्लास तसाच ठेवून घरातले बाकीचे नळ तपासा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आणि ठाण्यातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत स्वयंपाकघरातला एक नळ थेट लाइनीचा असतो आणि बाकीचे गच्चीवरच्या टाकीचे. थेट नळाला स्वच्छ आणि बाथरूमला तांबूस असेल तर महापालिकेला फोन करायची गरज नाही, गच्चीवरची आणि जमिनीखालची टाकी बघा. दोन्हीकडे तांबूस असेल तर समोरच्या सोसायटीत विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर गडबड रस्त्याखाली किंवा त्याच्याही मागे आहे. फक्त तुमच्याच फ्लॅटला असेल, वरच्या-खालच्यांना नसेल, तर तुमचे पाइप.

एवढं करायला दहा मिनिटं लागतात. वहीतल्या निम्म्या तक्रारी या दहा मिनिटांतच मिटल्या आहेत.

फक्त पहिल्या मिनिटाचं पाणी पिवळसर येतं, नंतर साफ. चालवून घ्यावं का?

हा जुन्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांचा गंज. पाणी रात्रभर पाइपात उभं राहतं, आतल्या लोखंडाला लागतं आणि सकाळी पहिल्या धारेबरोबर तो रंग बाहेर येतो. गावाहून आठवड्याने परत आलात की जास्त जाणवतो. पहिलं पाणी बादलीत घेऊन फरशीला किंवा झाडांना वापरा, पिण्याचं पाणी त्यानंतर भरा.

आमच्या विंगमधला एक एल्बो (पाइपाच्या वळणाचा जोड) प्लंबरने कापून माझ्या हातात ठेवला होता. अर्ध्या इंचाचा पाइप, पण आतून गंजाचे थर बसून बसून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. बोटाने खरवडलं की चॉकलेटी भुगा पडत होता. चौथ्या मजल्यावरच्या काकू 'धार बारीक झालीय' म्हणून तीन वर्षं ओरडत होत्या, त्याचंही उत्तर त्याच एल्बोत होतं. असा पाइप धुऊन, हवा मारून सुधारत नाही. तो बदलून सीपीव्हीसी (न गंजणारा प्लास्टिकचा पाइप) टाकणं हाच इलाज. पैशांचा प्रश्न असेल तर आधी गच्चीवरून खाली येणारी मुख्य लाइन, मग ज्याची त्याची आतली.

गंजाचं थोडंफार लोखंड पोटात गेल्याने सहसा काही होत नाही. त्रास होतो तो चवीचा, चहाच्या रंगाचा आणि कपड्यांचा. लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की पांढरे कपडे आणि भांडी डागाळायला लागतात.

शटडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी हमखास लाल पाणी. असं का?

देखभालीसाठी पाणी बंद ठेवतात तेव्हा मोठ्या लाइनी रिकाम्या होतात. पुन्हा पाणी सोडलं की ते जोराने, कधी उलट्या दिशेनेही धावतं आणि वर्षानुवर्षं तळाशी शांत बसलेला गाळ उठवतं. साधारण काही तासांत, फार तर दिवसभरात निवळतं.

यात आपलीच एक चूक असते. शटडाऊनच्या दिवशी सोसायटीची टाकी तळाला जाईपर्यंत पंप चालवतात, म्हणजे टाकीचा साका उचलून थेट गच्चीवर. आणि पाणी आल्या आल्या पहिला लोंढा अंडरग्राउंड टाकीत घेतात. आमच्या वॉचमनला आम्ही शिकवलं होतं की पाणी आलं की आधी मीटरजवळचा कॉक सोडून बादलीत बघायचं, साफ दिसलं की मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी वाया जातं म्हणून काहीजण कुरकुरले. दोन बादल्या जातात, त्या पार्किंग धुवायला वापरल्या.

पावसाळ्यात पाणी मातकट होतं. शुद्धीकरण केंद्रात गाळत नाहीत का?

गाळतात. पण आधी आपलं पाणी येतं कुठून ते बघा. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे: खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे. तिथलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन शहरात येतं. ठाण्याचं तसं नाही, तिथे चार ताटांतून वाढलेलं जेवण आहे. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर पिसे इथून पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते; शिवाय स्टेम (शहाड-टेमघर) पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसीचं बारवी धरण आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी मिळतं. म्हणून नौपाड्यात पाणी साफ आणि दिव्यात मातकट, किंवा नेमकं उलटं, हे एकाच दिवशी होऊ शकतं. कळवा-मुंब्र्याच्या बहिणीने फोनवर सांगितलेल्या पाण्यावरून घोडबंदरचा अंदाज बांधू नका.

पहिल्या जोरदार पावसात डोंगरउतारावरची उन्हाने भुसभुशीत झालेली माती नदीत येते. केंद्रात तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन घालतात, त्याने मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. उरलेलं वाळूच्या थरांतून गाळतात, मग क्लोरीन. नदीचं पाणी काही तासांत एकदम गढूळ झालं की तुरटीची मात्रा बदलावी लागते, गाळणी वारंवार धुवावी लागते आणि केंद्राची क्षमता उतरते. अशा वेळी पाणी कमी दाबाने येतं, किंचित मातकटही येतं. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. 5 ला काचेच्या ग्लासात डोळ्यांना जेमतेम धूसरपणा कळतो. म्हणजे पाणी चहासारखं दिसत असेल तर ते मर्यादेच्या आसपाससुद्धा नाही, त्याची तक्रार झालीच पाहिजे.

पाणी दुधासारखं पांढरं येतंय. क्लोरीन जास्त पडलंय का?

बहुतेक वेळा ती हवा असते. दाबाखालच्या पाण्यात विरघळलेली हवा नळातून बाहेर पडताना बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटते. ग्लास ठेवून द्या. खालून वर असं साफ होत गेलं आणि दोनेक मिनिटांत नितळ झालं तर बिनधास्त प्या. उलट वरून साफ होऊन तळाशी पांढरा थर बसला तर तो गाळ किंवा क्षार, टाकी बघा.

काळे कण येतात. हे काय असतं?

कण बोटांत चुरडा. रबरासारखे ताणले जाऊन बोटं काळी झाली तर नळाचा वॉशर किंवा सिंकखालची लवचिक नळी आतून विरघळतेय, बदलून टाका, फारसा खर्च नाही. कण कडक आणि खरखरीत असतील तर गंज. मऊ, बुळबुळीत पापुद्रे असतील तर पाइपात वाढलेला जिवाणूंचा थर किंवा मँगनीज, दोन्हींसाठी टाकी आणि लाइन धुवावी लागते.

आणि सगळं पाणीच काळपट असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

पाण्याला गटाराचा वास येतोय. थोडा वेळ सोडून दिलं की वास जातो. वापरू का?

नाही. वास गेला तरी नाही. या सगळ्या यादीत मला खरी भीती वाटते ती याच प्रकाराची.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, ठरावीक वेळेला येतं. पाणी चालू असताना लाइनीत दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी गेलं की दाब जातो, कधी लाइनीत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत येतं. लाइन गटाराशेजारून किंवा गटारातूनच गेलेली असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. म्हणून घाण वास पाण्याच्या वेळेच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच जास्त येतो, आणि म्हणूनच 'सोडून दिलं की जातो' असं वाटतं. कोणी थेट लाइनीला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. ते बेकायदा आहेच, शिवाय मोटर लावणारा स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या घरात गटार ओढतोय, हे त्याला कोणी तरी सांगायला हवं.

असं पाणी पिण्याला, भाज्या-भांडी धुवायला, दात घासायलाही घेऊ नका. सोसायटीच्या टाकीत ते शिरलं असेल तर टाकी उपसा. त्याच दिवशी तक्रार करा. कावीळ (हिपॅटायटीस ए आणि ई), टायफॉइड आणि गॅस्ट्रो याच वाटेने येतात. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच जपा, कारण गरोदरपणात हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकतो. एकाच विंगमध्ये दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या की योगायोग समजू नका, ओआरएस सुरू करून डॉक्टरांना दाखवा आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रालाही कळवा.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरताना साफ असतं, तासाभराने पिवळं पडतं. भेसळ आहे का?

भेसळ नव्हे, रसायनशास्त्र. जमिनीखालच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, तेव्हा त्याला रंग नसतो. हवा लागली की त्याचाच गंज होतो आणि बादली पिवळी. असं पाणी फ्लशला, गाडी धुवायला ठीक. प्यायला नको, आणि बोअरची लाइन पिण्याच्या टाकीला कुठेही जोडलेली नाही ना हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. पाणीटंचाईत 'तात्पुरतं' जोडलेलं कनेक्शन तसंच राहिल्याचं मी दोन इमारतींत पाहिलंय.

फक्त गरम पाणी लालसर येतं.

गिझर. आतली टाकी गंजली किंवा तळाशी साका बसला. मेकॅनिकला बोलावून गिझर उपसून घ्या आणि त्यातला अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. तो स्वतः झिजून टाकीला वाचवतो, संपला की टाकी झिजायला लागते.

हिरवट, निळसर, गुलाबी असे रंगही दिसतात.

हिरवट म्हणजे बहुधा टाकीतलं शेवाळ. टाकीचं झाकण तुटलं असेल किंवा पांढरी टाकी उन्हात असेल तर आत उजेड जातो. झाकण बसवा, टाकी घासा. बेसिनमध्ये नळाखाली निळसर-हिरवा ओघळ दिसला तर तांब्या-पितळेची झीज. बाथरूमच्या फरशीवर किंवा कमोडमध्ये गुलाबी थर येतो तो ओलसर जागी वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. पाण्याला दोष न देता ब्रशने घासा आणि जागा कोरडी ठेवा.

उकळलं की झालं ना? की आरओ लागेलच?

उकळल्याने जंतू मरतात. माती, लोखंड, रसायनं जात नाहीत. म्हणून आधी निवळा, मग उकळा. आजी करायची तसंच: हंड्यात तुरटीचा खडा चार-पाच वेढे फिरवायचा, पाणी न हलवता तासभर ठेवायचं, वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घेऊन चौपदरी सुती फडक्यातून गाळायचं. तुरटी जास्त फिरवली तर पाणी तुरट लागतं, मोह आवरा. मग खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळून गॅस जाळायची गरज नाही.

क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वापरत असाल तरी आधी निवळलेलंच पाणी हवं, कारण मातीच क्लोरीन खाऊन टाकते. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते तेवढीच, आणि घातल्यावर अर्धा तास थांबायचं.

यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, प्युरिफायर गढूळ पाण्यात कुचकामी ठरतो. किरणं कणांच्या आड लपलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत. आरओत मातकट पाणी सोडलं तर बाहेरचा सेडिमेंट फिल्टर चार दिवसांत चॉकलेटी होतो आणि मेंब्रेनचं (आतल्या मुख्य गाळणीचं) आयुष्य घटतं. मोरबे-भातसाचं पाणी मुळात मऊ, कमी क्षारांचं. माझं मत विचाराल तर त्याला आरओ लावणं म्हणजे आधीच चाळलेलं पीठ पुन्हा चाळून निम्मं फेकून देणं. बोअर-टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी.

प्युरिफायर विकायला आलेल्या मुलाने आमच्या पाण्यात दोन दांड्या घातल्या आणि पाणी चिखलासारखं झालं! इतकी घाण असते?

ती घाण त्याच्या दांड्यांची होती. त्या यंत्रात लोखंडाची एक जोडी असते. पाण्यातून वीज वाहिली की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि हिरवट-चॉकलेटी चिखल दिसतो. साध्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते साफ राहतं. पुढच्या वेळी त्याला सांगा, आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत कर. आमच्याकडे एका आजोबांनी हे करून दाखवलं, तेव्हापासून त्या विंगमध्ये कोणी आलेलं नाही. टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. गटाराचं पाणी मिसळलेलं असलं तरी त्याचा आकडा चांगला येऊ शकतो.

सोसायटीची टाकी कधी आणि कशी धुवायची?

वर्षातून दोनदा: पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. शिवाय गढूळ लोंढा आत गेला तर लगेच.

इथे एक लाज वाटणारी गोष्ट सांगतो. एका जुलैत आम्ही सत्तर सह्यांचं पत्र महापालिकेला दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, काही न बोलता मीटरजवळचा कॉक उघडून ओंजळीत पाणी घेतलं. काचेसारखं. मग म्हणाला, 'आता तुमचं झाकण उघडा साहेब.' आमची अंडरग्राउंड टाकी पार्किंगमध्ये, झाकण जमिनीच्या पातळीला, आणि त्यावर रोज गाड्या धुतल्या जायच्या. आत भिंतीवर मातीची रेघ आणि पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. पत्र त्याने परत दिलं नाही, एवढंच.

तर बघायचं ते हे: झाकण जमिनीपासून वीतभर तरी उंच हवं, कडेला भेग नको, ओव्हरफ्लो पाइपला जाळी हवी आणि ड्रेनेजचा चेंबर टाकीला खेटून नको. धुताना टाकी पूर्ण उपसून भिंती घासायच्या, गाळ काढायचा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन ते पाणी टाकून द्यायचं आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळखळायचं. फक्त वरून पाइप मारून 'झाली साफ' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, आधी-नंतरचे फोटो मागा. आणि अंडरग्राउंड टाकीत माणूस एकटा उतरवू नका. झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवा, वर एक जण उभा हवा, आत ब्लीचिंगची कोरडी पावडर उडवायची नाही.

तक्रार कुठे करायची म्हणजे ऐकतील?

पाण्याचं बिल ज्यांच्याकडून येतं, त्यांच्याकडे. हे सांगायचं कारण असं की खारघर-कामोठ्यासारख्या नोडमध्ये 2016 पासून महापालिका पनवेलची, पण पाण्यासाठी लोक वर्षानुवर्षं सिडकोच्या दारात, त्यामुळे पहिले दोन दिवस चुकीच्या खिडकीत जातात. नवी मुंबई महापालिकेत विभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा.

'पाणी खराब आहे' असं लिहू नका. असं लिहा: 'मंगळवारपासून, सकाळी सहाच्या पाण्याला, पहिली दहा मिनिटं, मीटरजवळच्या नळाला काळपट पाणी आणि गटाराचा वास, शेजारच्या दोन सोसायट्यांतही तेच, टाकी अमुक तारखेला धुतली आहे.' या शेवटच्या वाक्याने ते 'आधी तुमची टाकी बघा' म्हणू शकत नाहीत. लाइनीचा वॉश-आउट (साठलेला गाळ पाण्याच्या जोराने बाहेर सोडणं), नमुना तपासणी आणि गळती शोधणं या तिन्ही गोष्टी नावानिशी मागा. तक्रार क्रमांक घ्या. चावीवाल्याशी (लाइनीचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाशी) भांडू नका. गल्लीत कुठला व्हॉल्व्ह गटारात बुडालाय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

पाणी स्वतः तपासून घ्यायचं असेल तर?

जंतूंसाठी आणि रसायनांसाठी वेगवेगळे नमुने लागतात. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा, घरची बिसलेरीची चालत नाही. नळाचं तोंड पुसून, पाणी दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. दोन जागांचे नमुने द्या: एक मीटरजवळचा, एक घरातल्या नळाचा. एकच दिलात तर दोष कोणाचा हे ठरत नाही. अहवालात बघायचं ते असं: 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य आणि मोकळं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. क्लोरीन शून्य आणि गढूळपणा जास्त, अशी जोडी दिसली तर अहवालाची प्रत त्याच दिवशी अभियंत्याला द्या.

पांढऱ्या शर्टांवर पिवळे डाग पडले. ब्लीच टाकू का?

टाकू नका. ब्लीचने लोखंडाचा डाग आणखी पक्का होतो. कपडा वाळू न देता डागावर लिंबू आणि मीठ चोळा किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. शाळेचा गणवेश असेल तर आधी एका कोपऱ्यावर करून बघा. आणि मशीनमध्ये पाणी आत येतं तिथल्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते, ती काढून धुवा. बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं.